शेवंताचा भंडारा आणि दिवसाची लाईट

शेवंता गावात शिरली की कुत्रीसुद्धा शेपूट हलवत पुढे यायची. त्याच गावात तिच्या आधी कित्येक वर्षं मी जात होते, तरी मला पाहिलं की तीच कुत्री वेशीपासून ग्रामपंचायतीपर्यंत भुंकत सोबत चालायची. निवृत्त झाल्यापासून माणसं मला विचारतात, नलिनीताई, एवढं आयुष्य हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत घातलंत, काय काय आठवतं? त्यांना वाटतं मी पाणी, ऊन, झाडं असं काहीतरी सांगेन. मला आधी ती कुत्री आठवतात आणि मग शेवंता.

माझं काम नेमकं काय होतं हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत कळलं नाही. ती पाहुण्यांना सांगायची, "आमची नलू हवामान खात्यात आहे." मी कुठल्याच खात्यात नव्हते. हिंगोलीत आमची एक छोटी संस्था होती. बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी राज्य सरकारनं जे धोरण ठरवलं, ते गावात टिकवून धरायचं, हे आमचं काम. धोरण मुंबईत ठरतं आणि मोडतं गावात, तेही बहुतेक वेळा निवडणुकीत. कोणीतरी उमेदवार उभा राहतो, "हे सगळं थोतांड आहे, निवडून आलो की बंद करतो" म्हणतो, टाळ्या पडतात आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव फिरतो. म्हणून आम्ही निवडणुकीच्या आधीपासूनच घरोघर जायचो. धोरणात काय आहे, त्यातलं तुमच्या वाट्याला काय येतं आणि जे येणार नाही ते का येणार नाही, हे सांगायचो. मत मागायला येईल त्याला कोणते प्रश्न विचारायचे हेही सांगायचो. कोणाला मत द्या हे मात्र सांगायचं नाही. हा आमचा पहिला नियम आणि शेवटचाही. संस्थेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो मीच शिकवला. शेवंतालाही मीच शिकवला होता.

धोरणात पुष्कळ गोष्टी होत्या, पण आमच्या भागात जिवाची होती ती एकच, दिवसाची लाईट. आमच्याकडे हळद. हळदीला पाणी सारखं लागतं आणि पंपाची लाईट यायची ती रात्री. मग माणूस बॅटरी घेऊन शेतात जायचा, कमरेएवढ्या हळदीत अंधारात दारं धरायचा, म्हणजे एका सरीचं पाणी फोडून दुसरीत वळवायचं. पायाखाली काय आहे ते दिसायचं नाही. ज्यांची हळद ते सगळेच जात असं नाही. बहुतेक जण मजूर लावायचे आणि मजूर यायचा गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून. सरकारचं म्हणणं असं की, गावाच्या गायरानावर सूर्याच्या प्लेटा बसवायच्या आणि त्या गावच्या पंपांना दिवसा लाईट द्यायची. कोळसा कमी जळतो हा राज्याचा फायदा. माणूस रात्री घरी झोपतो हा गावाचा.

मी वर्षानुवर्षं राज्याचा फायदा आधी सांगत आले. मी शिस्तीची बाई. वडील कोर्टात कारकून, घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी. माझ्याकडे एक मोठा फ्लेक्स होता, त्यावर सूर्य, धूर, ढग, बाण असं सगळं छापलेलं. मी तो मारुतीच्या पाराला बांधायची आणि सूर्यापासून सुरुवात करायची. लोक फार सभ्य, शेवटपर्यंत बसायचे. एकदा एक म्हातारबाबा सगळं ऐकून म्हणाले, "समदं बराबर हाय बाई. पन पाऊस कवा येनार?"

"बाबा, ते हवामान खातं सांगतं."

"मंग तुमी कोन?"

औंढ्याला देवळामागच्या गल्लीत एक निवृत्त कारकून राहायचे. नागनाथाचं दर्शन करून आले की मला ओट्यावर बसवून घ्यायचे, धोरणातलं प्रत्येक कलम ऐकायचे आणि मान डोलवायचे. शेवटी म्हणायचे, "हे सगळं उत्तम आहे. फक्त एक कोळशाचा कारखाना हिंगोलीत आणा, म्हणजे माझा पुतण्या चिकटेल." दरवेळी मी पहिल्यापासून सुरू करायची आणि दरवेळी आम्ही पुतण्यापाशी येऊन थांबायचो. गावोगावी मला लोकांचं उत्तर ठरलेलं होतं. "बघू ताई." हे "बघू" मी इतकं ऐकलं की झोपेत कोणी म्हटलं तरी जाग यावी.

शेवंताला संस्थेत आणलं आमच्या सरांनी, म्हणजे संस्थाप्रमुखांनी. ती औंढ्याकडच्या एका मेंढपाळ घरातली. बारावीपर्यंत शिकलेली, बचत गटात काम केलेली. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले काही महिने बाहेर. पहिल्या दिवशी आली ती पोपटी साडी नेसून, आणि हसली ते संस्थेच्या मागच्या खोलीत ऐकू आलं. मी मनात म्हटलं, ही आठवडाभर टिकायची नाही.

पहिल्याच गावात तिनं माझा फ्लेक्स गाडीतून खाली उतरवला नाही. समोर दिसलं त्या घरात गेली आणि म्हणाली, "मावशे, च्या टाक गं. लई आलोत हिंडून." इतक्या वर्षांत मी कोणाकडे चहा मागितला नव्हता. दिला तर घ्यायचा, नाही दिला तर पाण्याची बाटली असतेच. हिनं मागितला, वर साखर कमी पडली म्हणून सांगितलं, ती घालून घेतली आणि निघताना त्या घरातली सगळी माणसं तिला गाडीपर्यंत पोचवायला आली. मी गाडीतच बसले होते. मला कोणी उतरा म्हटलं नाही.

ती जे बोलायची त्यातलं निम्मं चुकीचं असायचं. प्लेटा तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत टिकतील, असं एका गावात तिनं ठोकून दिलं. दुसऱ्या गावात म्हणाली, सूर्याच्या लाईटीचा झटका बसत नाही. मी तिथल्या तिथे उभी राहून म्हटलं, "बसतो. तितकाच बसतो. कोणी तारेला हात लावू नका." सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोणाच्या लग्नात मंगलाष्टकं थांबवली. मला तिचा हेवा वाटायचा. राग नव्हे, असूया नव्हे, असे सोयीचे शब्द शोधायचं माझं वय गेलं. सरळ हेवा. माझं सगळं बरोबर असायचं आणि लोक ऐकायचे तिचं.

आता ज्या गावाची गोष्ट सांगायची ते कुरुंद्याच्या पुढे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर दोन्ही पॅनलची माणसं माझ्या घरी येतील. गायरान प्लेटांना द्यायचं की नाही यावर तिथं ग्रामसभा होती. हळदवाले तयार होते. मेंढपाळांच्या वस्तीवरची माणसं मागे उकिडवी बसली होती. त्यांच्यातला एक म्हातारा, सगळे त्याला धुळोबा म्हणत, उभा राहिला. "आमची मेंढरं कुठं चरायची?"

मी म्हटलं, धोरणात चाऱ्याच्या पर्यायी व्यवस्थेचं कलम आहे. ते वाचूनही दाखवलं. कोणीतरी जांभई दिली.

मग शेवंता उठली. "धुळोबा मामा, मेंढरं प्लेटाच्या खालीच चरतील की! गवत मेंढरं खातील, कंपनीची कापनी वाचंल. वर सावली. आन प्यायला हौद बी बांधून घिऊ."

टाळ्या पडल्या आणि ठराव पास झाला. परतताना गाडीत मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोनी न्हाई. पन व्हायला काय हरकत हाय?"

हरकत अशी होती की करारात गायरानाला कुंपण आणि कुंपणाला कुलूप होतं. तिनं शब्द देऊन टाकला आणि तो खरा करण्यासाठी तो अख्खा उन्हाळा मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. कंपनीचा इंजिनिअर तरुण होता, चांगला होता, पण त्याला शेळ्यांची धास्ती. "मॅडम, मेंढी खाली मान घालून चरते, मान्य. शेळी प्लेटेवर चढते, मी स्वतः पाहिलंय." शेवटी असं ठरलं की मेंढ्या आत, शेळ्या बाहेर. वायरी उंच बांधायच्या, हौद फाटकाजवळ. हे सगळं मी केलं. ज्या दिवशी फाटक उघडून मेंढरं पहिल्यांदा आत सोडली, त्या दिवशी वस्तीवरच्या बायांनी शेवंताच्या कपाळाला भंडारा फासला, तिच्या पदरात खोबरं घातलं. मी बाजूला उभी. मग कोणालातरी आठवलं आणि मलाही बोट लावलं. उरलेलं बोट.

प्लेटा उभ्या राहिल्या. पंपांना जोडणी तेवढी बाकी होती आणि त्यातच ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंच थेट लोकांतून निवडायचा. नवा सरपंच विरोधातला आला तर जोडणी अडणार, ग्रामसभा बोलावून गायरान परत मागणार, आणि मग पुढच्या हळदीलाही रात्रीचंच पाणी. एका बाजूला अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई उभ्या होत्या. जोडणी आधी, बाकीचं नंतर, असं त्या म्हणत, पण त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नसे. दुसऱ्या बाजूला बापूराव. घरची मोठी हळद, ट्रॅक्टर, बोलायला फर्डे. तेही तेव्हा प्लेटांच्याच बाजूचे होते. वस्तीची मतं ज्याला पडतील तो सरपंच, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे मतं पक्की करायची एक जुनी रीत आहे. बेल आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ताटात ठेवतात. तो हातात उचलून दिलेला शब्द देवाला दिलेला शब्द. उमेदवार ताट घेऊन वस्तीवर येतो, घरातला कर्ता पुरुष घराच्या नावानं भंडारा उचलतो आणि त्या घराची मतं बांधली जातात. कायद्याला हे मंजूर नाही, आणि आमच्या संस्थेला तर मुळीच नव्हतं. बापूराव ताट घेऊन वस्तीवर गेले तेव्हा शेवंता तिथं होती. तिनं त्यांना अडवलं. "आधी तुमी उचला. दिवसाची लाईट आनतो, प्लेटांना हात लावू देत न्हाई, म्हना." बापूरावांनी उचलला, म्हणाले. मग घरोघरच्या पुरुषांनी उचलला. ताट धरलं होतं शेवंतानं.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी संस्थेत तिच्यासमोर फाइल आपटली. "नियम काय शिकवला होता मी तुला?"

"मी कुठं सांगितलं कोनाला मत द्या म्हून? मी फकस्त ताट धरलं."

सरांनी तिची कानउघाडणी केली, पण चहा पिताना मला हळूच म्हणाले, "झालं ते चुकीचं. पण वस्ती एका दिवसात बांधली हो तिनं." आणि सगळ्या जिल्ह्यातून "बघू" गोळा करत फिरणाऱ्या मला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही.

पुढे आठवडा गेला नसेल, बापूराव फिरले. गायरानाच्या कडेला ज्यांनी अतिक्रमण करून ठेवलं होतं, त्यांचा एक गट होता आणि त्यांचाही एक उमेदवार उभा होता. प्लेटांमुळे मोजणी होणार, म्हणून तो प्लेटांवर खार खाऊन. त्या गटानं आपला उमेदवार मागे घेतला आणि बापूरावांना हाताशी धरलं. दुसऱ्या दिवसापासून बापूरावांची जीप ओरडत फिरायला लागली, "गाईचं गायरान गाईला! प्लेटा उचला, गाव वाचवा!" ज्या माणसानं प्लेटांसाठी भंडारा उचलला, तोच.

मला वाटलं, प्रश्नच मिटला. त्यानं शब्द मोडला, वस्ती मोकळी झाली. मी धुळोबाला तसं समजावायला गेले. दोन बाजूंनी करार, एकानं मोडला की दुसऱ्यावर बंधन नाही, असं सगळं नीट मांडलं. धुळोबानं पटक्याखालून माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं शपथ मोडली त्ये त्याचं त्यो बघंल. देव त्याला इचारंल. आमी मोडली तर आमच्या लेकराबाळावर येतंय, ताई. भंडारा आमी बापूरावाला न्हाई दिला, देवाला दिला."

याला माझ्याकडे कलम नव्हतं. म्हणजे आता वस्तीची सगळी मतं, प्लेटा काढणाऱ्या माणसाला, देवाच्या शपथेनं बांधलेली. बांधून दिलेली आमच्याच माणसानं.

शेवंता संस्थेत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची. साडी साधी, केस नीट विंचरलेले नाहीत. सर म्हणाले, वस्तीवर जा, बोल त्यांच्याशी. ती म्हणाली, "कोन्त्या तोंडानं जाऊ सर? ताट माझ्याच हातात व्हतं." आणि रडली. तिचा आवाज गेलेला मी पहिल्यांदा पाहिला. मला आनंद झाला. लपवून काय करायचं? हळदवाल्या गावाची काळजी होतीच, पण तिच्याखाली, अगदी आत, कुठंतरी गारगार वाटलं.

"मी जाते," मी म्हटलं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. पुरुष मेंढरांमागे गेलेले, वस्तीवर फक्त बाया. फ्लेक्स नेला नाही. झाडाखाली कोंडाबाई लोकर निवडत बसली होती. वस्तीवरची सगळ्यात मोठी बाई ती. तिचा नवरा दुसऱ्याच्या हळदीला रात्री पाणी देताना पान लागून गेलेला. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्याच्यानंतर तिचा मुलगा मारोती त्याच शेतावर रात्रीची पाळी धरायचा. तो परत येईपर्यंत ही दारात बसून असते, हे गावात सगळे जाणून होते.

"बसा ताई," कोंडाबाई म्हणाली. तिनं हाक मारली, तशा बाकीच्या बाया आपणहून येऊन बसल्या. कोणी उठून गेलं नाही, कोणी जांभई दिली नाही. एका पोरीनं तर कडेवरचं लेकरू रडायला लागलं तसं दूर नेऊन सासूपाशी दिलं आणि परत येऊन बसली. माझं असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. माझाच आवाज मला वेगळा वाटायला लागला.

मी विचारलं, "भंडारा तुम्ही उचलला का?"

"आमी काहून उचलताव? बाप्यांनी उचलला. घराच्या नावानं."

"देवाच्या दरबारात ते कसं मोजतात, मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं. "मी ते सांगणार नाही. कोणाला मत द्या हेही सांगणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मतदान केंद्रात घर जात नाही. एकेक माणूस जातं. त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला तुम्ही एकट्या असता. तिथं तुमचा नवरा नसतो, धुळोबा नसतो, मीही नसते."

कोंडाबाईनं लोकरीतला एक काटा उपटून बाजूला टाकला. मग म्हणाली, "रातच्याला दारं धराया बी घर जात न्हाई ताई. माझं एकलं लेकरू जातंय."

एका नव्या सुनेनं घाबरत विचारलं, "पन आत्या, खंडोबा कोपला तर?"

"कोपतोय कशाला? बानू त्याच्या घरात कोनाची हाय? आपलीच लेक न्हाई का? ती बघून घील त्याला." आणि सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मीही हसले. आमच्याकडे लहान लेकरूही सांगेल, खंडोबानं धनगराच्या बानूवर भाळून तिला घरी आणली आणि थोरली म्हाळसा जन्मभर जळत राहिली. मी मनातून नेहमीच म्हाळसेच्या बाजूची.

निवडणूक झाली. वस्तीवरच्या पुरुषांनी भंडारा पाळला, बापूरावांना मतं दिली आणि तसं छाती ठोकून सांगितलंही. बायांनी काय केलं हे कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. अंगणवाडीच्या बाई थोडक्यात निवडून आल्या. बापूराव पेढ्यांची ऑर्डर देऊन बसले होते, ते पेढे बाईंनी विकत घेतले म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही, शेवंतानं सांगितलं होतं.

जोडणी झाली. पंप भर दुपारी सुरू झाले त्या दिवशी मी बांधावर उभी होते. मारोती टोपी घालून हळदीत दारं धरत होता आणि मला पाहून तक्रार करत होता, "ताई, उनात लई तकलीफ होऊन राहिली हो. थोडी सांजच्याला सोडता येती का लाईट?" तेवढं गोड गाऱ्हाणं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही.

त्या गावात पुढे माझा मान वाढला. हळद शिजवायला काढली की मला बोलावणं यायचं, कढईशेजारी बसवून जेवू घालायचे. वस्तीवर पोरीबाळी "भंडाऱ्यातून सोडवनारी ताई" म्हणून मला ओळखायच्या. शेवंता पुन्हा पहिल्यासारखी झाली. पुन्हा पोपटी साडी, पुन्हा चहा, पुन्हा चुकीची माहिती. कोणत्याही गावात ती मला मागे टाकायची, पण ते एक गाव माझं होतं. कुठं तिच्या नावानं टाळ्या पडल्या की मी मनातल्या मनात त्या झाडाखाली जाऊन बसायची. संस्थेत नवीन माणूस आलं की मी ही गोष्ट सांगायची, शेवंता समोर असली तरी, किंबहुना असली की जरा जास्तच सविस्तर. ती ऐकायची, मान डोलवायची, "लई भारी काम केलं तवा ताईनं" म्हणायची.

निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं हिंगोलीत एक छोटं सभागृह घेऊन माझा सत्कार ठेवला. बहीण आली होती. कुरुंद्याकडून कोंडाबाई एसटीनं आली, पिशवीत हळकुंडं घेऊन. सरांनी तिला दोन शब्द बोलायला माईकपाशी उभं केलं. आयुष्यात कधी माईक न धरलेली बाई, पण जराही बिचकली नाही.

"ताई वस्तीवर आल्या तवा आमी आयकायचंच ठरवलं व्हतं," ती म्हणाली. "शेवंता आदल्या दिशी यिऊन गेली व्हती ना. एकेकीचे पाय धरले तिनं. म्हनली, चूक माझी हाय, मला काय बी बोला. पन उंद्या ताई येतील, त्यांना हात हालवत धाडू नका. त्यांचं बोलनं लांबतंय, पन त्यात खोटं नसतंय. कोनी उठून जाऊ नका. म्हून आमी बसलो. आन ताई खरंच चांगलं बोलल्या."

तिसऱ्या रांगेतून शेवंता उठली. "काकू, गप की आता!" ती एवढ्या जोरात म्हणाली की सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. मग कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. माझ्या सत्काराला, तिच्यासाठी. माझी बहीणसुद्धा वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर मी शेवंताला बाहेर पायरीवर गाठलं. शाल माझ्या खांद्यावर होती, नारळ हातात. "इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?" मी विचारलं. "मी तुझ्यासमोर किती वेळा सांगितली ती गोष्ट."

तिनं नजर चुकवली. माझ्या हातातला नारळ घेतला, जड असल्यासारखा, आणि रिक्षाकडे चालायला लागली.

"तुमी लई खूश व्हत्या ना ताई," ती म्हणाली.

रिक्षात मी शाल घडी करून मांडीवर ठेवली. तिची जीभ, तिचं हसणं, माणसांत मिसळणं, हे देवानं तिला दिलं आणि मला दिलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. गप्प राहण्यात तरी मी तिच्या पुढे आहे, असं मी धरून चालले होते.